घासल्याने नेमके काय होते?

सावेडी हे अहिल्यानगर शहराच्या उत्तरेला, मनमाड रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाढलेले उपनगर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते, आणि त्यामुळे मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत इथली हवा इतकी कोरडी असते की रात्री स्वेटर डोक्यावरून काढताना तडतड ऐकू येते, अंधारात बारीक ठिणग्या दिसतात, आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या लोखंडी कडीला हात लावणाऱ्याच्या बोटाला चटका बसतो. या अनुभवांचे कारण शाळेत बहुधा एकाच वाक्यात सांगून टाकले जाते, ते असे की घर्षणाने वस्तूवर विद्युतप्रभार निर्माण होतो. प्रभार म्हणजे पदार्थाचा तो गुण, ज्याच्यामुळे दोन वस्तू विजेच्या बळाने एकमेकींना ओढतात किंवा लोटतात. वाक्य पाठ करायला सोपे आहे, परंतु त्यातील ‘निर्माण’ हा शब्द चुकीचा आणि ‘घर्षणाने’ हा शब्द अपुरा आहे, आणि तसे का, हे समजण्यासाठी अणूच्या आत डोकावावे लागते तसेच कारखान्याच्या शेडमध्येही जावे लागते.

पुढील संवादात या दोन जागांवरून पाहणाऱ्या दोन व्यक्ती योजल्या आहेत. एक आहेत सावेडीत राहणारे निवृत्त विज्ञानशिक्षक, ज्यांच्या मते अणूची रचना कळली की प्रभाराचे प्रकरण तिथेच संपते. दुसरी त्यांची भाची. मनमाड रस्त्यानेच पुढे असलेल्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत ती पावडर कोटिंगच्या कामावर देखरेख करते, आणि तिच्या मते अणूचे चित्र खरे असले तरी रोजच्या कामातल्या निम्म्या प्रश्नांना ते उत्तर देत नाही. दोघेही कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यातील विज्ञान मात्र प्रयोगांनी तपासलेले आहे.

शिक्षकांनी सुरुवात अणूपासून केली, कारण त्यांच्या दृष्टीने दुसरी सुरुवात शक्यच नव्हती. “कोणताही पदार्थ घे,” ते म्हणाले, “लोखंड, काच, लोकर, तुझी पावडर, सगळे अणूंचे बनलेले. अणूच्या मध्यभागी केंद्रक असते, त्यात धनप्रभारित प्रोटॉन आणि प्रभार नसलेले न्यूट्रॉन असतात, आणि केंद्रकाभोवती ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन असतात. प्रोटॉन इलेक्ट्रॉनाच्या १८३६ पट जड, पण दोघांच्या प्रभाराचे परिमाण तंतोतंत सारखे, फक्त चिन्हे उलट. म्हणून जितके प्रोटॉन तितके इलेक्ट्रॉन असले की अणू उदासीन, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला प्रभार नसल्यासारखा. प्रभार नाही म्हणून नव्हे, दोन्ही प्रभार सारखे आहेत म्हणून.”

अणूचे आकारमान सांगताना त्यांनी अहिल्यानगरच्या शेतातलेच माप घेतले. केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढे मानले, तर अणूचा विस्तार मूलद्रव्यानुसार शंभर मीटरपासून चारशे मीटरपर्यंत जाईल, म्हणजे सावेडीतल्या एखाद्या वसाहतीएवढा, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात वस्तुमान म्हणावे असे जवळजवळ सारे त्या एका दाण्यात असेल. ही गोष्ट कल्पनेने ठरलेली नाही. १९०९ साली गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या अतिपातळ पत्र्यांवर अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थांतून बाहेर पडणारे जड धनप्रभारित कण, सोडले. बहुतेक सरळ आरपार गेले, पण हजारो कणांत एखादा मागे उसळला, आणि त्यावरून अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९११ साली असा निष्कर्ष काढला की धनप्रभार आणि वस्तुमान अणूच्या मध्यावर एका अत्यंत लहान जागी एकवटलेले असले पाहिजे. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शाळेच्या फळ्यावर इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे गोल कक्षांत फिरताना काढले जातात. तसे चित्र हिशेबाला सोयीचे असले तरी इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात केंद्रकाभोवती ढगासारखे पसरलेले असतात, आणि ते कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच सांगता येते.

“आता मुख्य मुद्दा,” शिक्षक म्हणाले. “बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल असतो आणि केंद्रक घट्ट असते. सोडियमच्या अणूतला सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे ५.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा पुरते. इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे एका इलेक्ट्रॉनाला एक व्होल्टचे विभवांतर ओलांडताना मिळणारी ऊर्जा. त्याच सोडियमच्या केंद्रकातून एक प्रोटॉन उपटायचा म्हटले तर ऐंशी लाखांहून अधिक इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. स्वेटर घासून कुणी केंद्रक फोडू शकत नाही. म्हणून वस्तू प्रभारित होते ती इलेक्ट्रॉन मिळाल्याने किंवा गेल्याने. मिळाले तर ऋण, गेले तर धन. यात सांगण्यासारखे आणखी काय उरले?”

“मामा, हे सगळे मान्य,” भाची म्हणाली, “पण कोण देणार आणि कोण घेणार, हे या चित्रावरून तुम्हाला सांगता येते का? आमच्याकडे सकाळी गन चालू केली की पहिला प्रश्न तोच असतो.”

तिचे काम थोडक्यात असे. लोखंडी कपाटाचे दार, पंख्याची जाळी, यंत्राचे झाकण अशा वस्तूंना, ज्यांना शेडमध्ये जॉब म्हणतात, हुकांवर टांगले जाते. त्यांच्यावर गनमधून रंगाची कोरडी पावडर फवारली जाते. पावडर प्रभारित असल्यामुळे जॉबला चिकटून राहते, आणि मग जॉब ओव्हनमध्ये साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला तापवला की पावडर वितळून सलग थर होतो. द्रव रंगाप्रमाणे इथे पावडरीला चिकटवणारे काहीच नसते. ओव्हनमध्ये जाईपर्यंत तिला जॉबवर धरून ठेवणारे बळ केवळ विजेचे. म्हणूनच या शेडमध्ये अणूची रचना हा परीक्षेचा विषय न राहता मजुरीचा आणि मालाचा विषय होतो.

भाचीने पहिले उदाहरण हुकाचे दिले. प्रत्येक फेरीत जॉबसोबत हुकावरही पावडर बसते आणि भाजून कडक होते. तीन-चार फेऱ्यांनंतर हुक रंगाच्या जाड सालीने झाकला जातो, आणि त्यानंतर टांगलेल्या जॉबवर पावडर नीट धरत नाही, कोपऱ्यांवरून गळते, कधी फवारणाऱ्याच्या हाताला झटकाही बसतो. शेडमधला उपाय सर्वांना ठाऊक आहे: हुक खरवडून किंवा जाळून उघड्या धातूपर्यंत साफ करायचा. “कारण विचारले तर सगळे सांगतात, अर्थिंग गेले. पण जॉबला तर आपण प्रभार देतच नाही, प्रभार पावडरीला देतो. मग जॉबच्या अर्थिंगशी पावडरीचा काय संबंध?”

या प्रश्नाने शिक्षक खुलले, कारण उत्तर सर्वस्वी त्यांच्या बाजूचे होते. धातूत प्रत्येक अणूचे बाहेरचे एक-दोन इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे राहत नाहीत, ते साऱ्या तुकड्यात मोकळे हिंडतात, आणि म्हणून धातू विजेचा सुवाहक असतो. काच, लोकर, प्लॅस्टिक किंवा पावडर यांत इलेक्ट्रॉन आपापल्या जागी बांधलेले असतात, म्हणून ते दुर्वाहक. ऋणप्रभारित पावडरीचा ढग जॉबजवळ आला की जॉबमधले मोकळे इलेक्ट्रॉन दूर लोटले जातात, हुकावरून तो ज्या साखळीला अडकवलेला असतो तिच्यात आणि तिच्यातून जमिनीत निघून जातात, आणि मागे राहिलेला जॉब पावडरीच्या बाजूने धनप्रभारित होतो. स्पर्शावाचून, केवळ जवळ आल्याने घडणाऱ्या या प्रभारणाला प्रवर्तन म्हणतात. हुकावर रंगाची साल चढली की ती दुर्वाहक असल्यामुळे ही वाट बंद होते, इलेक्ट्रॉनांना जायला जागा उरत नाही, आधी बसलेल्या पावडरीचा ऋणप्रभार जॉबवर साचत जातो आणि मागाहून येणाऱ्या पावडरीला तो परतवून लावतो. “म्हणजे हुक खरवडणारा पोरगा,” शिक्षक म्हणाले, “खरे तर इलेक्ट्रॉनांची वाट मोकळी करत असतो.” हे वाक्य त्या कामाचे मोल नेमके सांगते.

पण भाचीचा मूळ प्रश्न तसाच उभा होता, आणि तो तिने अधिक अडचणीच्या उदाहरणाने पुढे रेटला. पावडर प्रभारित करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या प्रकारच्या गनच्या तोंडाशी सुईसारखे टोक असते आणि त्याला साठ हजारांपासून एक लाख व्होल्टपर्यंत ऋण दाब दिलेला असतो. त्या टोकाभोवतीची हवा फुटते, म्हणजे हवेच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात, ते हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतात, आणि असे ऋणप्रभारित रेणू पावडरीच्या कणांवर जाऊन बसतात. दुसऱ्या प्रकारच्या गनमध्ये असा दाब नसतो. पावडर टेफ्लॉनच्या नळीतून वेगाने जाते, नळीच्या भिंतींवर आपटते, घासते, आणि बाहेर पडते तेव्हा धनप्रभारित असते. “पावडर तीच, पोतेही तेच,” ती म्हणाली, “एका गनमधून ऋण होऊन निघते आणि दुसरीतून धन. मग पावडरीचा स्वभाव कोणता, देण्याचा की घेण्याचा?”

“स्वभाव एकट्याचा नसतो, जोडीचा असतो,” शिक्षकांनी उत्तर दिले. टेफ्लॉनच्या रेणूत फ्लोरिनचे अणू असतात, आणि फ्लोरिन हे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्यात सर्व मूलद्रव्यांत पुढे आहे. नळीला जितके इलेक्ट्रॉन मिळाले तितकेच पावडरीतून गेले, एकाने कमी नाही की एकाने जास्त नाही. नळीवर साचलेला ऋणप्रभार वेळोवेळी जमिनीत सोडला नाही तर ती आणखी इलेक्ट्रॉन घेईनाशी होते, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या गनलाही अर्थिंग लागतेच. या ठिकाणी ‘निर्माण’ हा शब्द उघडा पडतो. प्रभार आधीपासून दोन्हीकडे होता, समतोलात असल्यामुळे दिसत नव्हता. संपर्काने तो विभागला गेला. दोघांची बेरीज आधी शून्य होती आणि नंतरही शून्यच राहते. भौतिकशास्त्रातील हा प्रभाराच्या अक्षय्यतेचा नियम आजवरच्या एकाही प्रयोगात मोडलेला आढळलेला नाही, आणि एवढ्या मोठ्या नियमाला शालेय वाक्यातल्या एका क्रियापदाने धक्का लागू देणे योग्य नाही.

इथे इतिहासातील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण भाचीची गन आणि शिक्षकांचा इलेक्ट्रॉन तिच्यात एकत्र येतात. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली इलेक्ट्रॉनाचे अस्तित्व दाखवले, परंतु त्याच्या प्रभाराचे मूल्य नेमके मोजले ते रॉबर्ट मिलिकन यांनी, १९०९ पासून चालवलेल्या आणि १९१३ साली सविस्तर प्रसिद्ध केलेल्या तेलाच्या थेंबांच्या प्रयोगांत. त्यांनी तेल अत्तराच्या फवाऱ्यासारख्या साधनातून फवारले, बारीक थेंब दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये सोडले, पट्ट्यांमधला विद्युतदाब कमीजास्त करून एकेक थेंब हवेत तोलून धरला, आणि थेंबाचे वजन व विजेचे बळ यांच्या तुलनेतून त्याचा प्रभार काढला. प्रत्येक वेळी तो एकाच लहान मापाच्या पूर्ण पटीत निघाला. दीडपट किंवा अडीचपट कधीच नाही. त्यावरून प्रभार पाण्यासारखा अखंड नसून नाण्यांसारखा सुटा आहे हे सिद्ध झाले. हे थेंब प्रभारित झाले होते ते मुख्यतः फवाऱ्याच्या तोंडातून निघताना झालेल्या घर्षणाने. म्हणजे ज्या प्रयोगाने इलेक्ट्रॉनाचा प्रभार जगाला कळला, त्या प्रयोगाची पहिली पायरी टेफ्लॉनच्या नळीतून जाणाऱ्या पावडरीसारखीच होती.

भाचीने हा धागा आपल्या बाजूने ओढला. “म्हणजे मामा, हात आधी आणि पुस्तक नंतर. घासून प्रभार मिळतो हे माणसाला इलेक्ट्रॉनाच्या आधीच ठाऊक होते.” हे म्हणणे ऐतिहासिकदृष्ट्या अचूक आहे. अंबर, म्हणजे झाडाच्या चिकाचा लाखो वर्षांत झालेला दगडासारखा खडा, घासल्यावर हलक्या वस्तू ओढतो हे प्राचीन ग्रीकांना माहीत होते, आणि अंबराच्या ग्रीक नावावरूनच पुढे इलेक्ट्रॉन हा शब्द झाला. दोन जातींचे प्रभार असतात हे ड्यू फे यांनी १७३३ च्या सुमारास ओळखले. त्यांना धन आणि ऋण ही नावे बेंजामिन फ्रँकलिन यांच्यामुळे रूढ झाली, आणि रेशमाने घासलेल्या काचेचा प्रभार धन मानावा असे ठरले. इलेक्ट्रॉन सापडायला तेव्हा दीडशे वर्षे बाकी होती, त्यामुळे काचेतून काहीतरी जाते की काचेत काहीतरी येते हे कुणालाच सांगता येत नव्हते. पुढे कळले की जाते ते इलेक्ट्रॉन, आणि म्हणून आज ज्याला जास्त मिळाले त्याला ऋण म्हणण्याची पाळी येते, जी विद्यार्थ्यांना दरवर्षी बुचकळ्यात टाकते. महाराष्ट्रातील शाळांतही स्थितिक विद्युत सातवीत आणि अणूचे अंतरंग आठवीत भेटते. इतिहासाचा क्रम अभ्यासक्रमाने राखला आहे असे म्हणता येईल, मात्र आठवीत पोहोचल्यावर सातवीचे पान पुन्हा उघडून दाखवण्याची जबाबदारी शिक्षकावर येते.

यानंतर संवाद त्या जागी आला, जिथे शिक्षकांची खात्री प्रथमच डळमळली. पदार्थांची एक यादी असते, जिच्यात वरच्या पदार्थाला खालच्याने घासले की वरचा धन आणि खालचा ऋण होतो. काच, केस, नायलॉन, लोकर वरच्या बाजूला, पॉलिथिन आणि टेफ्लॉन अगदी तळाशी. अशी पहिली यादी योहान विल्के यांनी १७५७ साली केली. शिक्षकांनी तिच्याकडे बोट दाखवून सांगितले की कोण देणार आणि कोण घेणार याचे उत्तर इथे आहे. भाचीने तीन हरकती घेतल्या. वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या याद्या एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. काही पदार्थ तर यादीत बसतच नाहीत: काचेने रेशीम ऋण होते, रेशमाने जस्त ऋण होते, आणि जस्ताने काच ऋण होते असे आढळले आहे, म्हणजे पहिला दुसऱ्याच्या वर, दुसरा तिसऱ्याच्या वर आणि तिसरा पुन्हा पहिल्याच्या वर. आणि तिसरी हरकत सर्वांत जड होती. “एकाच पत्र्यातून कापलेले प्लॅस्टिकचे दोन तुकडे एकमेकांना लावून काढले तरी प्रभारित होतात. दोघांचे अणू तेच, इलेक्ट्रॉन तेच, ओढही तीच. मग कुणी कुणाला का द्यावे?”

शिक्षकांनी आधी मळाचा, ओलाव्याचा आणि घामाच्या बोटांचा दोष काढला, आणि तो दोष खराही आहे, पण पुरेसा नाही. धातूंच्या बाबतीत चित्र स्वच्छ आहे: प्रत्येक धातू आपले मोकळे इलेक्ट्रॉन कमीअधिक घट्ट धरतो, दोन धातू एकमेकांना टेकले की सैल धरणाऱ्याकडून घट्ट धरणाऱ्याकडे थोडे इलेक्ट्रॉन जातात, आणि हे गणिताने आधी सांगता येते. दुर्वाहकांच्या बाबतीत मात्र केवळ इलेक्ट्रॉनच जातात असेही नाही. काही वेळा आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन कमीजास्त झालेले अणू किंवा रेणू, एका पृष्ठावरून दुसऱ्यावर जातात, आणि काही वेळा पदार्थाचेच सूक्ष्म तुकडे निघून दुसऱ्याला चिकटतात व आपला प्रभार सोबत नेतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात संपर्काने प्रभारित झालेल्या पृष्ठभागाचा अतिसूक्ष्म नकाशा काढला गेला, तेव्हा ऋण ठरलेला पृष्ठभाग सर्वत्र ऋण नसून धन आणि ऋण ठिपक्यांची नक्षी निघाला. बाहेरून मोजला जातो तो त्यांच्या बेरजेत उरलेला फरक. २०२५ साली ऑस्ट्रियातील संशोधकांनी एकाच सिलिकोन रबराच्या तुकड्यांवर दाखवले की ज्या तुकड्याला आधी जास्त वेळा संपर्क झाला आहे तो नव्या तुकड्याच्या संपर्कात ऋण होऊ लागतो. म्हणजे पदार्थ कोणता याबरोबरच त्याने आजवर काय भोगले हेही मोजावे लागते. भाचीला त्यात नवल वाटले नाही. नवी नळी आणि झिजलेली नळी सारखी वागत नाही, हे शेडमध्ये नळ्या बदलणाऱ्यांना केव्हापासून ठाऊक आहे.

अणूचे चित्र इथे हरले असे मात्र समजू नये. उलट, कोण देणार आणि कोण घेणार हे ते का ठरवू शकत नाही, हेही तेच चित्र सांगते, आणि या लेखाच्या दृष्टीने संवादातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. शिक्षकांनी हिशेब मांडला. साधारण चाळीस मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढा पावडरीचा कण नीट प्रभारित झाला तर त्यावर सुमारे तीन लाख इलेक्ट्रॉनांची वाढ किंवा घट होते. त्याच कणात अणू असतात सुमारे चाळीस कोटी कोटींच्या घरात. म्हणजे हजार कोटी अणूंमागे एका इलेक्ट्रॉनाची अदलाबदल झाली की पावडर जॉबला उलटी टांगून राहते. पृष्ठभागापुरते पाहिले तरी हवा एका मर्यादेपलीकडे प्रभार सहन करत नाही. मिलिमीटरला तीन हजार व्होल्टच्या आसपास ती फुटते आणि ठिणगी पडते, आणि त्या मर्यादेला पोहोचलेल्या सपाट पृष्ठावर पन्नास-साठ हजार अणूंमागे जेमतेम एक इलेक्ट्रॉन जास्त किंवा कमी असतो.

“आता बघ,” शिक्षक सावकाश म्हणाले, आणि हे त्यांच्या आधीच्या भूमिकेपेक्षा पुढचे बोलणे होते, “पन्नास हजारांत एकाने निकाल लागत असेल, तर पन्नास हजारांत एक मळाचा रेणू, एक तुटलेला बंध, पाण्याचा एक थेंबुला निकाल फिरवायला पुरतो. रसायनशास्त्र ९९.९ टक्के शुद्ध पदार्थाला शुद्ध म्हणते. या कामापुरता तोही मळकाच. कारण विजेचे बळ एवढे प्रचंड आहे की नगण्य असमतोलसुद्धा डोळ्यांना दिसतो.” यावर भाचीने वाद घातला नाही. तिने एवढेच विचारले की मग हे मुलांना का सांगत नाहीत, आणि शिक्षकांकडे त्याचे चांगले उत्तर नव्हते.

घर्षणाचा प्रश्न त्या मानाने लवकर मिटला. चिकटपट्टीच्या गुंडाळीतून पट्टी उपसून काढली तर ती हाताकडे झेपावते, म्हणजे प्रभारित असते, आणि तिथे काहीही घासलेले नसते; दोन पृष्ठे टेकली होती आणि वेगळी झाली. प्रभार विभागायला संपर्क आणि वियोग एवढे पुरते. घासण्याने फायदा होतो तो असा की डोळ्यांना गुळगुळीत दिसणारी पृष्ठे प्रत्यक्षात डोंगरदऱ्यांसारखी असतात, नुसती टेकवली तर शिखरेच टेकतात, आणि घासताना नवनव्या जागा एकमेकींना भिडत जातात. वैशाखात अहिल्यानगरवर येणाऱ्या वळवाच्या ढगातही हेच चालते: बर्फाचे हलके स्फटिक आणि गारांचे मऊ जड गोळे वाऱ्याच्या झोतात आदळतात व सुटतात, हलके वर जातात, जड खाली राहतात, आणि वर-खाली विभागलेला प्रभार शेवटी वीज होऊन पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने या विजांची नोंद घेणारे जाळे उभारले असून त्यावर चालणारे ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप वीज जवळ येत असल्याचा इशारा देते. शेतावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावे.

उरला ओलाव्याचा प्रश्न, आणि तो सावेडीच्या शाळांशी थेट जोडलेला आहे. हवेत दमटपणा असला की काचेवर, प्लॅस्टिकवर, केसांवर पाण्याचा अदृश्य थर बसतो, त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे तो थोडासा सुवाहक असतो, आणि विभागलेला प्रभार साठण्याआधीच त्या वाटेने गळून जातो. शेडमध्ये पावसाळ्यात पावडरीच्या गाठी होतात आणि ती जॉबला कमी धरते, ते याच ओलाव्यामुळे. वर्गातही तसेच होते. स्थितिक विद्युतेचा पाठ श्रावण-भाद्रपदात आला तर घासलेली पट्टी कागदाचे कपटे उचलत नाही, सुवर्णपत्र विद्युतदर्शीची पाने, जी प्रभार मिळताच एकमेकींपासून दूर फाकायला हवीत, ती मिटलेलीच राहतात, शिक्षक ओशाळतात आणि मुलांची समजूत होते की पुस्तकातले प्रयोग पुस्तकातच होतात. तोच पाठ पौष-माघात घेतला तर सावेडीतल्या कोणत्याही शाळेत एक प्लॅस्टिकची मोजपट्टी, लोकरीचा तुकडा आणि चिकटपट्टीची गुंडाळी एवढ्या साहित्यावर तो पहिल्या प्रयत्नात यशस्वी होतो. शाळांनी वार्षिक नियोजनात एवढा एक बदल करावा, त्या तासाला फळ्यावर ‘प्रभार निर्माण होतो’ ऐवजी ‘प्रभार विभागला जातो’ असे लिहावे, आणि एकाच प्लॅस्टिकचे दोन तुकडे मुलांच्या हातात देऊन त्यांतला कोणता ऋण होईल हे अजून कोणत्याही पुस्तकात नक्की लिहिलेले नाही, हेही त्यांना सांगावे.